गुंतलेले सांधे

जुन्या रेल्वे डब्यांना स्क्रू कपलिंग. ते आवळायला कामगाराला दोन डब्यांच्या मधे उतरावे लागते आणि हे काम जिवावरचे. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसच्या नव्या धाटणीच्या एलएचबी डब्यांना मात्र सेंटर बफर कपलर आहेत. दोन्हीकडचे पोलादी आकडे वाकवलेल्या बोटांसारखे एकमेकांत शिरतात आणि आपोआप कुलूपबंद होतात. या रचनेचे मूळ पेटंट अमेरिकेतील एली जॅनी यांचे, १८७३ सालचे.



दगडातली गुंफण याहून कितीतरी जुनी. होट्टल (ता. देगलूर) आणि निलंगा येथील चालुक्यकालीन मंदिरांचे घडीव दगड चुन्याविना, वजनावर आणि खाचांवर शतकानुशतके टिकले आहेत. दुरुस्तीच्या नावाखाली या सांध्यांत सिमेंट भरू नये.