पुन्हा ब्लूज, पुन्हा माउथ ऑर्गन

बऱ्याच वर्षांनी माउथ ऑर्गन हातात घेतला की चाली लगेच आठवतात. हरवलेला असतो तो ‘बेंड’, म्हणजे श्वासाने वाकवलेला सूर. ब्लूजचा जीव त्यातच आहे.

ब्लूजसाठी वापरतात तो दहा छिद्रांचा छोटा माउथ ऑर्गन. होनर कंपनीचा ‘मरीन बँड’ 1896 पासूनचा. सी पट्टीचा ऑर्गन घेऊन ब्लूजवाले बहुधा जी पट्टीत वाजवतात, कारण मग महत्त्वाचे सूर श्वास आत ओढून निघतात आणि ओढलेलेच सूर खालच्या छिद्रांत वाकतात. जी हा षड्ज धरला, तर तिसऱ्या छिद्रात ओढून शुद्ध गंधार मिळतो. जीभ मागे घेऊन तोंडातली पोकळी मोठी केली की तो कोमल गंधाराकडे घसरतो. ब्लूजचा गंधार या दोहोंच्या मधेच कुठेतरी राहतो, म्हणून इथे कान ओठांइतकाच लागतो.

परतणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे जोर लावणे. दुसरे छिद्र घुसमटले की वाद्य बिघडले असे वाटते. बहुतेकदा जबडा आवळलेला असतो. आधी लांब, संथ सूर ओढावेत. बेंड नंतर.

लाकडी सांगाड्याचा जुना ऑर्गन पाण्याने धुऊ नये, लाकूड फुगते. पितळी पट्ट्या थकून बेसूर झाल्या असतील तर नवा घ्यावा. आणि लिटल वॉल्टरचे 1952 चे ‘ज्यूक’ जरूर ऐकावे, शक्यतो रोज.