दहा महिने शर्ट, दोन महिने वर्दी

सैन्यभरतीसाठी घाम गाळणाऱ्या पोरांचे तळहात बघावेत. बोटांच्या मुळाशी पिवळट घट्टे पडलेले असतात, रोज बीमवर लटकून. प्रादेशिक सेनेच्या वार्षिक शिबिरात पहिल्या पहाटे बीमला हात घालणाऱ्या अधिकाऱ्याकडे ते असतीलच असं नाही. गेले दहा महिने त्याने बँकेत कर्जाच्या फायली पाहिलेल्या असतात, कोर्टात तारखांवर तारखा घेतलेल्या असतात, नाहीतर स्वतःचं दुकान सांभाळलेलं असतं. चौथ्या पुलअपला कातडी सोलवटते. खाली उभा असलेला उस्ताद मोजतोय. हनुवटी बीमच्या वर गेली नाही, तर आकडा पुढे सरकत नाही.

या सोललेल्या तळहातात प्रादेशिक सेनेचा सगळा प्रश्न आहे. वर्षातले दोन महिने सैनिक असलेल्या माणसाने उरलेले दहा महिने सैनिक राहायचं कसं?

फौजेत प्रादेशिक सेनेला (टेरिटोरियल आर्मी) नुसतं ‘टीए’ म्हणतात. १९२० च्या इंडियन टेरिटोरियल फोर्समध्ये तिची मुळं आहेत. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये नवा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. ब्रीदवाक्य ‘सावधानी व शूरता’. १९६२, १९६५, १९७१ या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्या होत्या.

मला तिची सगळ्यात मोलाची वाटणारी अट वेगळीच आहे. ज्याचं पोट दुसऱ्या कामावर चालतं, त्यालाच इथे नागरी अधिकारी म्हणून घेतात. वय १८ ते ४२, पदवी, आणि स्वतःची कमाई. लेखी परीक्षा, एसएसबी म्हणजे निवड मंडळाची परीक्षा, वैद्यकीय तपासणी हे सगळं पार केल्यावर पहिल्या वर्षी महिनाभराचं प्राथमिक प्रशिक्षण, पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं कमिशननंतरचं प्रशिक्षण आणि दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर. पगार वर्दीतल्या दिवसांपुरता. वर्दी उतरली की ज्याने त्याने आपापल्या धंद्याला लागायचं.

जवानांचं थोडं वेगळं. इन्फन्ट्रीच्या पलटणी गरजेप्रमाणे दीर्घकाळ सेवेत बोलावल्या जातात. त्याला फौजी भाषेत ‘एम्बॉडिमेंट’ म्हणतात. त्यामुळे ‘अर्धवेळ’ हा शब्द काश्मीरमध्ये पहारा देणाऱ्या टीएच्या जवानापुढे वापरताना जीभ अडखळते.

महाराष्ट्राला हे सगळं लांबचं नाही. पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ या टीएच्या पलटणी मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेल्या, देवळालीची ११६ पॅराशी. नागपूरच्या ज्या सीताबर्डी किल्ल्यावर १८१७ मध्ये भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली, तिथे ग्रेनेडिअर्सशी जोडलेल्या ११८ व्या पलटणीचा मुक्काम. सामान्य माणसाला तो किल्ला वर्षातून ठरावीक राष्ट्रीय दिवशीच आतून पाहायला मिळतो. आणि त्याही मागे गेलं, तर पावसाळ्यात शेत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन हे आपल्याकडचंच वेळापत्रक. नांगर धरणारा हात तलवार धरतो, याचं मावळात कुणाला नवल नव्हतं.

नेतृत्वाची पारख एसएसबीच्या मैदानावर होते. फळी, दोर, ओंडका आणि समोर अडथळे. लाल रंगाच्या भागाला पाय लागता कामा नये. पलीकडे सगळ्या गटाला न्यायचं असतं. ऑफिसात वर्षानुवर्षे हुकूम सोडलेल्या माणसाची इथे पंचाईत होते, कारण खुर्ची काढून घेतल्यावर आपलं कोण ऐकतं ते दहा मिनिटांत कळतं. पण खरं शिक्षण पलटणीत. वीस-पंचवीस वर्षं फौजेत घालवलेले सुभेदार साहेब नवख्या लेफ्टनंटला कडक सलाम ठोकतात, ‘साब’ म्हणतात, आणि पाठीवरच्या पिट्टूचे पट्टे कसे आवळायचे तेही हळूच दाखवतात. हे शिकायला कमीपणा न वाटणारा अधिकारीच पुढे जवानांचा होतो, असं मला मनापासून वाटतं. कुणाच्या टाचेला फोड आलाय, कुणाच्या घरून फोन आल्यापासून तो गप्प आहे, हे गिनतीच्या, म्हणजे हजेरीच्या वेळी चेहऱ्यावरून वाचता यायला हवं. नागरी नोकरीत माणसं सांभाळलेल्याला हे पटकन साधतं, आणि टीएचा हा फायदा आपण फार कमी बोलून दाखवतो.

आता शरीर. जवानांच्या भरतीत १.६ किलोमीटरची धाव, बीम, नऊ फुटांचा खड्डा, तोल सांभाळत नागमोडी चालणं. हे मोजता येतं. पण पस्तिशीतल्या बैठ्या कामाच्या माणसाने शिबिराच्या तोंडावर तीन आठवडे धावून भागवायचं ठरवलं की गुडघा बोलतो. नुसतं धावणं पुरत नाही. अमेरिकी सैन्याने २०२० मध्ये तंदुरुस्तीची नियमपुस्तिका नव्याने लिहिली, तेव्हा शरीराच्या जोडीला आहार, मन, आत्मिक बळ आणि झोप अशी पाच अंगं धरली. त्यांच्या नॅशनल गार्ड या अर्धवेळ दलाचा ठरलेला साचा महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे असा. जवान गावोगाव विखुरलेले. प्रशिक्षक छावणीत आणि सैनिक घरी, ही त्यांचीही अडचण आहे.

आपल्याकडे शिबिरात लंगरचं वेळेवरचं जेवण, पहाटेची पीटी, रात्री ठरल्या वेळी दिवे बंद. ही पाचही अंगं न सांगता सांभाळली जातात. घरी परतल्यावर लोकलचा धक्का, रात्री अकराचं जेवण आणि उशाला मोबाइल. त्या दहा महिन्यांसाठी पलटणीने माणसाच्या हाती एक साधा आराखडा द्यावा, महिन्याला त्याच्या धावण्याची, झोपेची, वजनाची विचारपूस करावी. ही मागणी फार मोठी नाही. क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनीचा टीएतला लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मानद; तरी २०१५ मध्ये आग्र्याला विमानातून पाच उड्या त्याने स्वतः मारल्या आणि २०१९ मध्ये आपल्या पॅरा पलटणीबरोबर काश्मीरमध्ये पहारा दिला. त्याला हे जमलं, कारण त्याचा रोजचा धंदाच शरीराचा होता. बँकेतल्या माणसाला तशी सोय कोण देणार?

मे २०२५ मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना टीएला बोलावण्याचे अधिकार दिले. ३२ पैकी १४ इन्फन्ट्री पलटणी तैनात करण्याची मुभा त्यात होती. अशा वेळी तयारीला तीन आठवडे मिळत नाहीत.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी रायफल पुसून कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा होते. रजिस्टरवर सही. बॅरेकमध्ये पेटीचं झाकण लागतं, वर्दीची घडी आत जाते. संध्याकाळच्या एसटीत खिडकीशी बसलेला तो माणूस तळहात उघडून बघतो. सोललेल्या जागी आता घट्टे आलेले असतात, कोवळे. घरी बीम नाही. आंब्याची एक आडवी फांदी आहे, ती आपलं वजन पेलेल का, याचा हिशेब तो करत असतो.