फेब्रुवारीतले तीनशे रुपये

गेल्या वैशाखात सोलापूरला एका आप्तांच्या मुलीचे लग्न होते. सूर्यास्तापूर्वीची पंगत उठली आणि आम्ही साठी ओलांडलेले सात-आठ जण नेहमीप्रमाणे मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून बसलो. बोलणे आधी तुरीच्या भावावर, मग जीएसटीच्या नोटिशींवर आणि तेथून ठरल्यासारखे 'दुकानात माणूस मिळत नाही' या विषयावर आले. एका अडतदार स्नेह्यांनी निकालच देऊन टाकला. "सरकार घरबसल्या पैसे वाटते, मग कामाला येणार कोण? या देशात बेकार कोणी नाही. आहेत ते आळशी." सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असावी, कारण छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे वाक्य नवे नाही. मी स्वतः ते कितीदा तरी उच्चारले आहे.

परतीच्या प्रवासात मात्र ते वाक्य मनातून जाईना. घरबसल्या मिळणारे पैसे म्हणजे त्यांच्या बोलण्यातली लाडकी बहीण योजना. ती महिलांसाठी आहे, महिना १,५०० रुपयांची आहे. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. घरातील स्त्रीला रोजचे पन्नास रुपये मिळतात म्हणून धडधाकट तरुण काम सोडून घरी बसतो, हा हिशेब कोणत्याही वहीत जुळणारा नाही. शिवाय आपण त्याला काय देऊ करतो, तेही पाहावे. सकाळी नऊ ते रात्री नऊ उभे राहणे, आठवड्याची एक सुटी, तीही सणासुदीला रद्द, आणि शहरात खोलीचे भाडे भरल्यावर हाती फारसे उरू नये असा पगार. तो नाही म्हणाला तर आपण त्याला आळशी म्हणतो. गिऱ्हाइकाने आपला माल भाव न पटून नाकारला, तर त्याला मात्र आपण आळशी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट आठवली ती अधिक बोचरी होती. त्या खुर्च्यांवर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण आपल्या दुकानाच्या नावे वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरतो. नोकरदाराच्या पगारातून हाच कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा कापला जातो. हा कर मुळात कशासाठी बसवला गेला, हे त्या घोळक्यात विचारले असते तर उत्तर आले नसते. सनदी लेखापालाकडे पावती गेली की आपला संबंध संपतो. तो कर बसवला गेला होता बेकाराला काम देण्यासाठी.

त्यासाठी १९७२ कडे जावे लागेल. आमचे गाव सोलापूर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातले, आणि अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, तेथे किराणा मालाचे दुकान होते. मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षीचा पाऊस गेला तो गेलाच. विहिरी आटल्या, जनावरे मिळेल त्या किमतीला गेली. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला खडी फोडण्याचे काम निघाले. ज्यांच्या शेतातली ज्वारी आम्ही गाड्यांनी विकत घेत असू, ती बारा-पंधरा एकरांची धनी मंडळी तेथे हातोडी घेऊन बसलेली मी पाहिली. बायका डोक्यावर पाट्या वाहत होत्या. मुलांना सुकडी वाटली जाई आणि स्वस्त धान्याच्या दुकानात परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे. १९७३ च्या उन्हाळ्यात अशा दुष्काळी कामांवर राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्या पन्नास लाखांना कोणी आळशी म्हटले नाही. काम समोर ठेवले तेव्हा माणसे आली, इतकेच नव्हे तर मैलोन् मैल चालून आली.

अण्णांनी त्या वर्षी खातेवहीत एक नवे पान काढले आणि वर फक्त 'खडी' असे लिहिले. आठवड्याचा पगार होईपर्यंत कामावरच्या माणसांना मीठ, मिरची, तेल, गूळ उधार. पगाराच्या दिवशी दुकानापुढे रांग लागे आणि उधारी चुकती होई. ते पान मी पुढे मोठेपणी पाहिले. त्यात बुडीत म्हणून एकही रक्कम टाकलेली नव्हती. आमच्या बाजारातली दुकाने त्या दोन वर्षांत तगली ती या खडीच्या पगारावर, हे अण्णा शेवटपर्यंत सांगत. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसेल तर व्यापाऱ्याचा गल्ला कशाने भरणार? मदतीचा पैसा मजुराच्या हातून संध्याकाळपर्यंत बाजारातच येतो, हे कळायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

त्या काळात विधान परिषदेचे सभापती होते वि. स. पागे. दुष्काळ पडला की कामे काढायची आणि पाऊस आला की बंद करायची, यापेक्षा 'मागेल त्याला काम' हा कायमचा हक्कच असावा, ही कल्पना त्यांची. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात आधी लहान प्रमाणावर प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली. विधिमंडळाने १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आणि बेकारीत सार्वजनिक साहाय्य यांचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत. त्याला कायद्याचे बळ देणारे पहिले राज्य आपले. पुढे २००५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा नमुना म्हणून समोर महाराष्ट्रच होता.

या योजनेला पैसा कोठून आणायचा हा प्रश्न होताच. त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकरी यांवर कर बसवण्यात आला, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालावी असे ठरले. म्हणजे शहरातील वकील, डॉक्टर, कारकून, दुकानदार यांनी खेड्यातील रिकाम्या हातांसाठी वाटा उचलायचा. तेव्हा घटनेतील मर्यादा वर्षाला २५० रुपयांची होती, ती १९८८ मध्ये २,५०० झाली आणि आजही तेवढीच आहे. जमलेला सगळा पैसा त्याच कामी लागला नाही, ही टीका वर्षानुवर्षे होत आली आहे आणि ती खरी आहे. हजेरीपटावर खोटी नावे घालणारे मुकादम होते, अर्धवट सोडलेले पाझर तलावही होते. त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही.

पण योजनेची मूळ रचना पाहावी. ती एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याला सुचावी अशी आहे. गरिबीचा दाखला मागायचा नाही. उन्हात माती खणायला येतो त्याची गरज खरी, हीच पारख. मजुरी दिवसभर उभे राहण्याची नव्हे, खोदलेल्या मातीच्या मापाची. आणि तोच दर पुरुषाला, तोच स्त्रीला. काम देता आले नाही तर बेकारभत्ता द्यायचा, तोही दंड म्हणून, दान म्हणून नव्हे. केंद्राच्या कायद्यात हाच भत्ता पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि नंतर किमान निम्मा असा ठरवण्यात आला. काम मागूनही न मिळाल्यास दोष मागणाऱ्याचा नाही, हे त्यात कायद्यानेच मान्य केले. १९९० पासून याच योजनेतून फळबागा लावण्यास अनुदान मिळू लागले. सांगोल्याकडच्या माळरानावर जे डाळिंब उभे राहिले, त्याची अडत आज आपल्यातील कितीतरी पेढ्या घेतात.

आता माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट. १९९४ मध्ये मी एका ग्रामीण शाखेचा अधिकारी होतो. सुशिक्षित बेरोजगारांसाठी पंतप्रधान रोजगार योजना आदल्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला सुरू झाली होती. एक लाखापर्यंत कर्ज, तारण नको, थोडे अनुदान. जिल्हा उद्योग केंद्राकडून अर्जांचे गठ्ठे येत आणि आम्ही ते कपाळावर आठ्या घालून उघडत असू. आधीच्या कर्जमेळाव्यांचे अनुभव ताजे होते. अशा अर्जदारांना कर्ज म्हणजे बुडीत खाते, अशी आमची ठाम समजूत झाली होती.

त्यात बी.कॉम. झालेल्या एका तरुणाचा अर्ज होता. तहसील कचेरीसमोर झेरॉक्स यंत्र आणि टंकलेखनाची सोय करायची, एवढीच त्याची योजना. आकडे त्याने स्वतः मांडले होते आणि ते बरोबर होते. तरीही मी त्याला आज कोटेशन, उद्या भाडेपावती, परवा जामीनदार असे करत सहा वेळा परत पाठवले. जामीनदार नियमात बसत नव्हता, हे मला ठाऊक होते. सहाव्या खेपेनंतर तो आला नाही. तिमाही अहवालात प्रलंबित अर्ज दाखवायचे नसत, म्हणून मी त्याच्या फाइलवर शेरा मारला, 'अर्जदारास स्वारस्य नाही'. अर्ज निकाली निघाला. वरिष्ठांकडे गेलेल्या आकड्यांत तो तरुण काम नको असलेल्यांत मोजला गेला, आणि त्या आकड्यांवरून पुन्हा कोणीतरी म्हणाले असेल की पोरांना कष्टच नकोत. त्याच कचेरीसमोर दोन वर्षांत झेरॉक्सची चार दुकाने झाली. त्याचे त्यांत नव्हते. त्याचे नाव आठवते, पण येथे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

हा शेरा मला अलीकडे आठवू लागला तो माझ्या पुतण्यामुळे. गावाकडचे दुकान आता दादा चालवतात. बाजारात मोठी साखळी दुकाने आली, मोबाइलवरून घरपोच माल येऊ लागला आणि विक्री निम्म्यावर आली. काम एका माणसाचे राहिले, पण गल्ल्याजवळ बसणारे तिघे. पुतण्या वाणिज्य पदवीधर, वय सत्तावीस. स्थळासाठी दिलेल्या परिचयपत्रात त्याच्यापुढे 'स्वतःचा व्यवसाय' असे लिहिलेले असे. अर्थशास्त्रात याला छुपी बेकारी म्हणतात आणि ती शेतीच्या उदाहरणाने शिकवतात. किराणा दुकानाचे उदाहरण घेतले असते तर आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ते लगेच कळले असते. सरकारी श्रमबल पाहणीतही घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा माणूस रोजगारात असलेलाच धरला जातो. म्हणजे आमचा मुलगा सरकारच्या दृष्टीने कामावर, समाजाच्या दृष्टीने मालक, आणि पेट्रोलला पैसे हवे असतील तर वडिलांसमोर उभा.

गल्ल्यातून त्याला मिळणारे ते पैसे काय होते? काम नसताना मिळणारी ती रक्कम होती. तिला आपण भत्ता म्हणत नाही एवढेच. समाजातील एखाद्या घराची पेढी बसली तर आपण बंद पाकिटातून मदत पोहोचवतो, पावती मागत नाही, आळशी म्हणत नाही. ते योग्यच आहे. मग परक्याच्या मुलासाठी आपला तराजू वेगळा का होतो, याचे उत्तर मला त्या मांडवात देता आले नव्हते.

पुतण्याने शेवटी स्वतःच अर्ज केले. पुण्याजवळ औषधांच्या एका गोदामात साठ्याच्या नोंदी ठेवण्याचे काम मिळाले, पगार १९,००० रुपये. दादांना ते फार लागले. "घरचे दुकान असताना पोरगा चाकरी करतो, लोक काय म्हणतील?" असे ते मला रात्री दहा वाजता फोन करून म्हणाले. पहिले तीन महिने गावात कोणी विचारले की मुलगा कोर्ससाठी पुण्याला आहे, असे सांगितले जाई. वहिनींनीच एकदा देवळाच्या पायरीवर खरे ते सांगून टाकले. आणि गंमत अशी, की ऐकणाऱ्या दोघींनी लगेच विचारले, तेथे आणखी जागा आहेत का?

त्याच्या पगारातून राज्य कर्मचारी विमा योजनेची वर्गणीही कापली जाते, त्याची ०.७५ टक्के आणि मालकाची ३.२५ टक्के. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ती लागू असते. आपल्यापैकी अनेक पेढ्या ही वर्गणी भरतात आणि दवाखान्यापलीकडे तिचा उपयोग कामगाराला सांगत नाहीत. २०१८ पासून तिच्यात 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे. नोकरी गेल्यास, पात्रतेच्या अटी पूर्ण होत असतील तर, नव्वद दिवसांपर्यंत सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम मिळू शकते. तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे. कोणाला कामावरून कमी करण्याची वेळ आली, तर हिशेबाच्या पाकिटाबरोबर ही माहिती आणि चालू मुदत विचारून द्यावी. त्याला ती मागायला सुचेलच असे नाही, आणि सुचले तरी लाज वाटेल.

परवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुतण्याचा दुपारी फोन आला. पगारपत्रक त्याच्या हातात होते. "काका, जानेवारीत दोनशे कापले होते, या वेळी तीनशे कापलेत. चूक झाली आहे का?"

मी म्हटले, चूक नाही, वर्षाचा २,५०० चा हिशेब फेब्रुवारीत पुरा करतात. आणि तो कर मुळात कशासाठी आला हे सांगण्यासाठी १९७२ च्या दुष्काळापासून सुरुवात केली. खडीचे काम, अण्णांचे पान, पागे साहेब येथवर आलो असेन.

"काका," तो म्हणाला, "जेवणाची सुटी अर्धाच तास असते. रविवारी सांगा."