डोकं रोज सकाळीच का दुखतं?

डोकं धरलं की आपण सुंठ उगाळून लावतो नि कामाला लागतो. अर्धशिशी बहुधा एका बाजूनं ठणकते, मळमळतं, उजेड सोसत नाही. पण रोज उठतानाच दोन्ही बाजूंनी डोकं जड असेल, थोड्या तासांत उतरत असेल आणि रात्री घोरणं असेल, तर झोपेत श्वास अडतो का, ते पाहायला हवं. काहींना दोन्ही दुखणी असतात.

बाईचं घोरणं थट्टेवारी जातं. ती लाजून डॉक्टरांना सांगतच नाही. मैत्रिणींनो, आसेगावहून वाशीम-अकोल्याला जावं लागलं तरी सांगा! रात्रभर झोपेची तपासणी होते. लागलंच तर मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र असतं. १९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत मांडली. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. मास्क नीट बसवून घ्या, पण सोडू नका. अर्धशिशीची औषधंही आपल्या मनानं थांबवू नका.