परक्या पेठेतील पत

पैसा असणे आणि पत असणे या दोन निराळ्या गोष्टी होत. गावात ज्याच्या नुसत्या शब्दावर दहा दुकाने उधार देतात, तोच गृहस्थ परमुलखात गेला म्हणजे रोकड मोजूनही संशयास पात्र ठरतो. कारण पैसा कनवटीस बांधून नेता येतो, पत नेता येत नाही. ती दुसऱ्याच्या मनात आणि दुसऱ्याच्या वहीत असते; म्हणून जेथे ती वापरावयाची तेथेच ती उभी करावी लागते. अमेरिकेत शिकावयास जाणारा विद्यार्थी किंवा भारतात राहूनच तेथील ग्राहकांशी व्यवहार करू पाहणारा व्यापारी आज याच अडचणीत सापडतो. सुमारे चारशे वर्षांपूर्वी नेमका हाच पेच तापीकाठच्या बऱ्हाणपुरात इंग्रज व्यापाऱ्यापुढे उभा होता. फरक इतकाच की, त्या वेळी पत मागणारा सातासमुद्रापलीकडचा होता आणि ती द्यावयाची की नाही हे ठरविणारा सराफ इकडचा होता.

अकबराने १६०१ साली असीरगड घेतला आणि फारुकी सुलतानांचे खानदेश मोगली अमलाखाली आले. सुरतेच्या बंदरातून आग्र्यास जाणारा एक मोठा रस्ता बऱ्हाणपुरावरून जात असे. दक्षिणेतील मोगली फौजेचे ठाणे येथे, टांकसाळ येथे आणि तलम कापडाची मोठी पेठही येथेच. येथील कापड इराण, तुर्कस्तान आणि अरबस्तानपर्यंत जात असल्याची नोंद फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निये याने केली आहे. अशा पेठेत परदेशी व्यापाऱ्याने पाय ठेवावा हे साहजिकच होते.

परंतु पाय ठेवणे वेगळे आणि पाय रोवणे वेगळे. विल्यम हॉकिन्स हा इंग्रज १६०९ च्या आरंभी बऱ्हाणपुरास आला तेव्हा त्याला तुर्की भाषा येत होती, ही त्याची मोठी पुंजी ठरली. दक्षिणेचा सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याच्याशी त्याला दुभाष्यावाचून बोलता आले आणि बादशहासाठी शिफारसपत्र मिळविता आले. पुढे १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो येथे शाहजादा परवीझ याला भेटला आणि इंग्रजांना या शहरात वखार घालण्याची परवानगी मिळाली. अर्थात, शिफारस आणि परवाना यांनी दार उघडते. त्यांच्या बळावर बाजारात उधारी मिळत नाही. शाहजाद्याचे फर्मान पाहून सराफ नमस्कार करील, पण थैली सोडणार नाही.

आणि थैलीची गरज तर पदोपदी होती. विलायतेहून येणारी जहाजे ऋतुमानाप्रमाणे वर्षाकाठी एकदाच सुरतेस लागत. त्यांतून चांदी येई. परंतु कापड हवे असेल तर विणकरास कित्येक महिने आधी आगाऊ रक्कम द्यावी लागे. चांदी उशिरा आणि खर्च आधी, या दोहोंमधले अंतर कर्जानेच भरून निघे. यास्तव ज्या परदेशी माणसाचे घरदार, जातगोत, वडिलोपार्जित पेढी यांपैकी काहीच येथे नव्हते, त्याला येथल्या सराफाचा विश्वास संपादन करणे भाग पडले.

हा विश्वास मोजण्याचे साधन म्हणजे हुंडी. बऱ्हाणपुरात माल घेणारा व्यापारी तेथल्या सराफाकडून रोख रुपये घेई आणि ते सुरतेत दोन महिन्यांच्या मुदतीने फेडण्याची हुंडी लिहून देई. या सोयीबद्दल जी कसर द्यावी लागे ती हुंडणावळ. तावर्नियेने दिलेल्या दरांप्रमाणे बऱ्हाणपुराहून सुरतेवर ती शेकडा अडीच ते तीन, आग्र्याहून सव्वाचार ते पाच, तर दूरच्या ढाक्याहून दहापर्यंत असे. वाटेत माल लुटला गेल्यास रक्कम बुडण्याचा धोका पैसे देणाऱ्याने पत्करलेला असे, म्हणून दर चढा राही, असा खुलासाही तो करतो. म्हणजे वाटेतील भय, अंतर आणि माणसाचा भरवसा या तिन्ही गोष्टी एका आकड्यात उतरत.

मुदत भरली की हुंडी सकारली जाई किंवा नकारली जाई. सकारली तर पुढची हुंडी सुलभ होई. नकारली तर ती वार्ता हुंडीच्याच वाटेने पेढ्यापेढ्यांतून फिरे. पैसे कोणाच्या हाती द्यावयाचे यालाही नियम होता. शहाजोग हुंडीची रक्कम ‘शहा’ला, म्हणजे बाजारात प्रतिष्ठित म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आसामीलाच, मिळे. पुढे बोलीभाषेत हाच शब्द सभ्यपणाचा आव आणणाऱ्याला उपरोधाने लावला जाऊ लागला. पतीचे सोंग आणणारे त्याही काळी थोडे नसावेत!

परदेशी कंपनीने या व्यवहारात टप्प्याटप्प्यानेच जागा मिळविली. सुरतेचा धनाढ्य व्यापारी वीरजी व्होरा याचे हस्तक आग्रा, बऱ्हाणपूर अशा दूरदूरच्या पेठांत होते. सतराव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत इंग्रज कंपनीने त्याच्याकडून वारंवार कर्जे काढली. हा मनुष्य त्यांचा व्यापारातील प्रतिस्पर्धी होता आणि सावकारही होता. तरी तो कर्ज देत राहिला, कारण त्याच्या हिशेबी कंपनी हे आता अनोळखी खाते राहिले नव्हते. लंडनमधील कंपनीची श्रीमंती त्याने पाहिलेली नव्हती. सुरतेतील तिची परतफेड त्याने पाहिली होती.

आता अमेरिकेकडे वळू. तेथे सराफाच्या जागी मुख्यतः तीन नोंदसंस्था आहेत: इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन. बँका आणि कार्ड देणाऱ्या कंपन्या आपापल्या ऋणकोंची माहिती त्यांना कळवितात. त्या माहितीवरून पतीचा गुणांक काढतात. १९८९ पासून रूढ असलेला फायको गुणांक सामान्यतः ३०० ते ८५० या दरम्यान असतो. त्यात सुमारे ३५ टक्के वजन वेळेवर केलेल्या फेडीला आणि ३० टक्के वजन देणे असलेल्या एकूण रकमांना असते. त्यात मंजूर मर्यादेपैकी किती उचल केली आहे हेही पाहिले जाते. उरलेले वजन खात्याचे वय, नवी मागणी आणि कर्जांचे प्रकार यांना मिळते. बँकेत शिल्लक किती आहे, हे यात कोठेच येत नाही. रोखीने जगणारा लक्षाधीश या वहीत कोरा राहतो. भारतातील सिबिलची नोंदही तेथे आपोआप पोहोचत नाही.

मग आरंभ कसा करावयाचा? प्रथम बँकेतील खाते. ओळख पटविण्यासाठी परदेशी नागरिकाचे पारपत्र कायद्याने चालते. तथापि कित्येक बँका ग्राहकाने समक्ष यावे आणि अमेरिकेतील पत्ता द्यावा, असा आग्रह धरतात. सोशल सिक्युरिटी क्रमांक मुख्यतः काम करण्याची परवानगी असलेल्यांना मिळतो. ज्यांना तो मिळू शकत नाही परंतु तेथील कराशी संबंध येतो, त्यांच्यासाठी १९९६ पासून आयटिन नावाचा करदाता क्रमांक आहे. तो करापुरताच असतो. त्याने नोकरीचा किंवा वास्तव्याचा हक्क मिळत नाही. तथापि काही बँका त्यावर कार्डाचा अर्ज स्वीकारतात.

पुढची पायरी तारणी कार्डाची. काही रक्कम बँकेकडे अनामत ठेवावयाची आणि बहुधा तितक्याच मर्यादेचे कार्ड घ्यावयाचे. त्यावर थोडी खरेदी करून दर महिन्यास पूर्ण रक्कम मुदतीत भरली, तर वहीत पहिली ओळ उमटते. बँक नोंदसंस्थांना माहिती कळविते की नाही, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे. तेथे स्थायिक झालेल्या आप्ताने आपल्या कार्डावर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घातले, तर त्याच्या चांगल्या नोंदीचा लाभ मिळू शकतो. अर्थात, त्याने रक्कम थकविली तर तो डागही वाट्यास येऊ शकतो. फायको गुणांक निघण्यास निदान सहा महिन्यांचे एक तरी खाते लागते. उलट, तीस दिवसांहून अधिक चुकलेला एक हप्ता सात वर्षांपर्यंत वहीत राहू शकतो.

येथेच फसगतीचाही धोका असतो. ‘पतक्रमांक’ या नावाने तयार क्रमांक विकणारे दलाल आढळतात. दुसऱ्याचा किंवा बनावट क्रमांक लिहून कर्ज मागणे हा गुन्हा आहे. त्याची फळे व्हिसापर्यंत भोगावी लागतात. परदेशी माणसालाही तेथे कंपनी स्थापन करून तिच्यासाठी करक्रमांक मिळविता येतो. परंतु कंपनीचा क्रमांक म्हणजे व्यक्तीची पत नव्हे. भारतात राहणाऱ्याने पैसे पाठवावयाचे ते अधिकृत बँकेतून आणि रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेत, म्हणजे व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत. परदेशी खाते आयकराच्या विवरणपत्रात दाखविणेही बंधनकारक आहे. एके काळी बऱ्हाणपूरच्या पेठेला चालना देणारी हुंडी आज हवालारूपाने परदेशी पैसा हलविण्यासाठी वापरली, तर तो कायद्याचा भंग ठरतो.

दोन्ही व्यवस्थांतील भेद मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सराफ माणसाला ओळखत होता. दुष्काळ पडला, रस्ता बंद झाला, जहाज बुडाले तर तो अडचण ऐकून मुदत वाढवू शके. पण परजातीच्या, परधर्माच्या माणसाला नुसत्या आकसाने परतवूही शके. यंत्रावर चालणारी वही अडचण ऐकत नाही. मात्र वंश, धर्म किंवा मूळ देश पाहून कर्ज नाकारण्यास अमेरिकेत कायद्याने बंदी आहे, आणि आपली नोंद मागवून चुकीवर आक्षेप घेण्याचा हक्क ऋणकोस आहे. सराफाच्या खतावणीत डोकावण्याचा असा हक्क सतराव्या शतकातील इंग्रज व्यापाऱ्यास नव्हता. म्हणून तो हक्क बजावावा, वर्षातून निदान एकदा आपली नोंद तपासावी, आणि फेडीची तारीख कोणाच्या भरवशावर सोडू नये. परक्या पेठेत माणसाच्या वतीने बोलणारे दुसरे कोणी नसते. त्याने पाळलेल्या तारखाच त्याच्या वतीने बोलतात.