बांगडा गेला, वास राहिला!

दोस्तांनो, ही आमच्या घरात घडलेली गोष्ट. सोमवारची सकाळ होती. आमच्या मुलीची आजी, म्हणजे माझी आई, सोमवार करते. साबुदाण्याची खिचडी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून तिच्यापुढे ठेवली. तिने पहिला घास उचलला, नाकाशी नेला आणि हळूच ताटलीत परत ठेवला.

"अहो आई, काय झालं?" मुलीच्या आईने विचारलं.

"काही नाही गं. भूकच नाहीये आज."

मुलीने मात्र मायक्रोवेव्हचं दार उघडून आत नाक खुपसलं आणि ओरडली, "बाबा, हा तर काल रात्रीचा बांगडा!"

गुन्हेगार मीच होतो. रविवारी रात्री उशिरा बांगड्याचं कालवण मी झाकण न ठेवता गरम केलं होतं. बांगडा पोटात गेला, भांडं घासून झालं, पण वास राहिला आत. आणि गंमत म्हणजे तो मला येतच नव्हता! एकच वास बराच वेळ घेतला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणून घरातला वास पाहुण्याला आधी कळतो, किंवा ज्याच्या ताटात तो येतो त्याला.

आता मला सांगा, हेच कालवण गॅसवर गरम केलं असतं तर? वास घरभर पसरला असता आणि खिडकीवाटे निघून गेला असता. मायक्रोवेव्हचं तसं नाही. त्यातल्या लहरी अन्नातल्या पाण्याला हलवतात, म्हणून अन्न तापतं. पेटीच्या भिंती धातूच्या. त्या लहरी परत फेकतात, त्यामुळे स्वतः फारशा तापत नाहीत. कालवणातून निघालेली वाफ या गारसर भिंतींवर आपटते आणि तिथेच बसते. कढईवरचं झाकण उचललं की खालून पाणी ठिबकतं ना, तस्सं. त्या थेंबांबरोबर तेल असतं आणि तेलात वास मुरतो. पुढच्या वेळी खिचडी ठेवली की तोच थर पुन्हा ऊब घेतो आणि वास बाहेर पडतो. बिचाऱ्या खिचडीचा काय दोष?

मी आधी साबणाच्या पाण्याने पुसलं. थोडा फरक पडला. मग शेजारी गुलाबाची उदबत्ती लावली. त्यातून जे काही तयार झालं त्याला 'गुलाबी बांगडा' म्हणता येईल! वासावर वास टाकला की पहिला जात नाही, दोघं मिळून येतात.

मग उपाय काय? तो आजीलाच ठाऊक होता. मासे साफ केल्यावर हाताला लिंबू चोळायचं, ही कोकणातल्या स्वयंपाकघरातली जुनी रीत. त्यामागे चोख रसायनशास्त्र आहे बरं का! समुद्रातल्या माशाचा जो खास वास असतो तो मुख्यतः ट्रायमिथाइल अमाइन नावाच्या पदार्थाचा. हा पदार्थ आम्लारी आहे. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार बनतो, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. क्षार हवेत उडत नाही. आणि जे उडत नाही ते नाकापर्यंत पोचणार कसं?

म्हणून आम्ही काचेच्या, मायक्रोवेव्हला चालणाऱ्या वाडग्यात कपभर पाणी घेतलं. त्यात एक लिंबू पिळलं, सालीही टाकल्या आणि ३ मिनिटं तापवलं. मग दार न उघडता ५ मिनिटं थांबलो. वाफेने चिकटलेलं तेल सुटतं, त्याला तेवढा वेळ द्यायला हवा.

इथेच पुष्कळ लोक चुकतात. स्वयंपाकघरात लिंबाचा छान सुवास सुटला की त्यांना वाटतं, झालं काम! पण सुवास येतो तो सालीतल्या तेलाचा. लिंबातलं आम्ल वाफेबरोबर वर जात नाही, ते वाडग्यातच राहतं. म्हणून त्याच पाण्यात फडकं बुडवून, पिळून, आतली प्रत्येक बाजू पुसायची. छत विसरायचं नाही, सगळ्यात जास्त शिंतोडे तिथेच असतात. दाराच्या कडा, काचेची फिरती थाळी आणि थाळीखालची चाकांची कडी हीसुद्धा वासाची घरं. लिंबाऐवजी दोन चमचे व्हिनेगर घेतलं तर त्याचं आम्ल वाफेबरोबरही भिंतीपर्यंत पोचतं. पण तेव्हा खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नाक झोंबेल!

आतल्या एका बाजूला पुठ्ठ्यासारखा करडा चौकोन दिसेल. तो बहुतेक वेळा अभ्रकाचा असतो आणि लहरी तिथूनच आत येतात. कचरा समजून तो ओढू नका, खरवडू नका. ओलसर फडक्याने अलगद टिपा. त्यावर तेल साचलं तर ठिणग्या उडतात.

दूध उतू जाऊन आंबूस वास येत असेल तर लिंबाचा उपयोग नाही. तो वासच आम्लाचा! तिथे पाण्यात कालवलेला खायचा सोडा लावून पुसायचं. आणि पॉपकॉर्न करपले असतील तर? पॉपकॉर्नचं आणि मायक्रोवेव्हचं नातं तसं जुनं. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत पर्सी स्पेन्सर रडारच्या यंत्रावर काम करत होते. त्यांच्या खिशातला खाऊ वितळला, मग त्यांनी मक्याचे दाणे यंत्राजवळ ठेवून फोडून पाहिले, अशी कथा सांगतात. करपल्याचा वास मात्र चिवट. धुरात नाना पदार्थ असतात, एकाच औषधाने सगळे जात नाहीत. दोनदा पुसा, प्लग काढा आणि दार काही तास उघडं ठेवा. रात्री आत सोड्याची वाटी ठेवलीत, तर सकाळी यंत्र सुरू करण्याआधी ती आठवणीने काढा.

आता थोडं दटावणं. हे काम मोठं माणूस जवळ असतानाच करायचं. मायक्रोवेव्हमध्ये गुळगुळीत भांड्यातलं पाणी कधी कधी उकळीच्या वर तापतं, पण बुडबुडा येत नाही. दिसायला अगदी शांत! अन् भांडं हलवलं किंवा चमचा घातला की एकदम उसळून अंगावर येतं. म्हणून तापवतानाच पाण्यात आइस्क्रीमची लाकडी काडी ठेवा, आणि नंतरची ती ५ मिनिटं चुकवू नका. धातूचा चमचा आत नको. रिकामं यंत्र चालवणंही नको. आणि जळका वास अन्नाचा नसून यंत्राचाच वाटला, तर प्लग काढून कारागिराला बोलवा. पेटी घरी उघडायची नाही. प्लग काढल्यावरही आत जीवघेणी वीज साठलेली असू शकते. पालकांनो, हे तुमच्यासाठीही.

आमची सफाई संपेपर्यंत अकरा वाजले होते. नवी खिचडी केली आणि मुद्दाम थोडी गार होऊ देऊन पुन्हा त्याच मायक्रोवेव्हमध्ये गरम केली. आजीने घास नाकाशी नेला. आम्ही तिघंही श्वास रोखून बघत होतो.

"लिंबू पिळलंय का गं यात?" तिने नातीला विचारलं, आणि घास तोंडात टाकला.