योंगचुमुनचा अडसर

२३ जुलै १८९४ ची पहाट. सोलच्या ग्योंगबोक राजवाड्याचा योंगचुमुन दरवाजा जपानी सैनिकांना काही केल्या उघडेना. सुरुंग लावला, पण दारू कमी पडली. कुऱ्हाडी चालवल्या, तरी दार हलेना. शेवटी काही जण भिंतीवरून आत उतरले आणि आतून-बाहेरून करवत चालवून अडसर कापला. त्यानंतर कोरियाचा राजा गोजोंग जपान्यांच्या ताब्यात आला. दोनच दिवसांत चीनशी लढाई जुंपली.

जपानचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री मुत्सु मुनेमित्सु यांच्या ‘केनकेनरोकु’ या आठवणींत ही करवत नाही. आधी गोळी कोरियन शिपायांनी झाडली, म्हणून आमचे सैनिक आत शिरले, एवढंच ते सांगतात.

जपानी राजनयाच्या अभ्यासात हे पुस्तक फार मानाचं. त्याचं एक कारण म्हणजे मुत्सु आडपडदा न ठेवता लिहितात. जपान आणि चीनने मिळून कोरियात सुधारणा करण्याचा प्रस्ताव चीन मान्य करणार नाही, हे ठाऊक असूनच युद्धाचं निमित्त म्हणून आपण तो पुढे केला, हे ते लपवत नाहीत. कोरियाच्या भल्यापेक्षा जपानचं हित आपल्याला मोठं होतं, हेही ते सांगून टाकतात. इतकं कबूल करणारा माणूस बाकीचंही खरंच सांगत असणार, असं वाचणाऱ्याला वाटतं. माझ्या मते फसगत इथेच होते.

हे पुस्तक लिहिलं गेलं कधी, ते पाहायला हवं. एप्रिल १८९५ मध्ये हे युद्ध संपवणाऱ्या शिमोनोसेकीच्या तहाने लियाओडुंग द्वीपकल्प जपानला मिळाला. आठवडाही उलटला नाही, तोच रशिया, जर्मनी आणि फ्रान्स यांनी तो परत करण्याची मागणी केली आणि जपानला ती मानावी लागली. देशात संतापाची लाट उसळली. क्षयाने खंगलेले मुत्सु त्याच वर्षी ओइसोला लिहायला बसले. माझ्या जागी दुसरा कोणीही असता तरी त्याच्यापुढे वेगळा मार्ग नव्हता, हे त्यांना पटवून द्यायचं होतं. त्या दृष्टीने पाहिलं तर हे एका मंत्र्याने आपल्या बचावासाठी दिलेलं निवेदन आहे. १८९६ मध्ये परराष्ट्र खात्याने ते आतल्या वापरापुरतं छापलं. सर्वसामान्य वाचकांच्या हाती ते पडलं १९२९ मध्ये, मुत्सु वारल्यावर बत्तीस वर्षांनी.

करवतीची हकिगत उजेडात यायला त्यानंतरही बराच काळ गेला. इतिहासकार नाकात्सुका अकिरा यांना १९९४ मध्ये फुकुशिमाच्या प्रांतिक ग्रंथालयात लष्करी मुख्यालयाने तयार केलेल्या युद्ध-इतिहासाचा कच्चा मसुदा सापडला. राजवाड्याचा ताबा आधीपासून कसा आखला होता, कोणत्या तुकडीने कुठे जायचं, हे त्यात तपशीलवार होतं. छापील इतिहासातून मात्र तो भाग गाळला होता. चकमक अचानक उडाली, ही गोष्ट त्या मसुद्यापुढे टिकत नाही.

म्हणून ‘केनकेनरोकु’ बाजूला ठेवावं असं मला मुळीच वाटत नाही. युद्धाचं निमित्त कसं जुळवलं, याबद्दल दुसऱ्या कोणत्याही मंत्र्याने इतकं उघड लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. पण मुत्सुंनी निमित्ताला पानंच्या पानं दिली आणि दरवाजा एका वाक्यात उरकला. आता ते वाक्य त्या मसुद्याशेजारी ठेवूनच वाचावं लागतं.